आधी पट्टी, मग सूर

बीड जिल्ह्यात खरा पियानो जवळून पाहिलेली माणसं थोडी, पण पट्ट्यांवर बोटं फिरवणारी माणसं गावोगाव आहेत. हरिनाम सप्ताहात मृदंगाशेजारी पेटी असतेच. अंबाजोगाई, परळी, माजलगावकडची मुलं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांसाठी पेटीवर अलंकार घोटतात. शाळेच्या गॅदरिंगला कीबोर्ड येतो आणि तो कुठल्याही कंपनीचा असला तरी त्याला ‘कॅसिओ’च म्हणतात. वरातीपुढे बँजो असतो, तोही बटणं दाबून वाजवायचा. 1912 साली जपानातल्या नागोयात ताईशोगोतो नावाचं वाद्य निघालं. ते आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झालं, त्याला पिकअप आणि कर्णा जोडला गेला आणि त्याचा बँजो झाला. म्हणजे जपानी वाद्यावर मराठवाडा नाचतो आहे, त्यालाही बराच काळ लोटला.

आता त्याच जपानहून डिजिटल पियानो घरात येऊ लागला आहे. पालक विचारायला येतात तेव्हा हातात मोबाइल असतो आणि त्यावर दोन-तीन वाद्यांची चित्रं असतात. प्रश्न ठरलेले असतात: आवाज किती आहेत, ताल किती आहेत, केवढ्याला बसेल, कंपनी कोणती चांगली. पट्टी कशी आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. हे पुस्तक त्या न विचारलेल्या प्रश्नापासून सुरू होतं. पट्टी, आवाज आणि किंमत या तीन अंगांनी डिजिटल पियानोची तुलना कशी करावी, हा त्याचा विषय. तिन्हींचा क्रम मी मुद्दाम तसा लावला आहे आणि त्या क्रमाबद्दल वाद घालायलाही माझी तयारी आहे.

पट्टीचा प्रश्न आपल्याला सुचत नाही याचं कारण पेटीत आहे. पेटीची पट्टी म्हणजे एक झडप. ती दाबली की हवेला वाट मिळते, पितळेचा सूर कंप पावतो. सोडली की स्प्रिंग वाट बंद करते. पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच राहतो. लहान-मोठा आवाज डाव्या हातातल्या भात्यावर ठरतो. आप्पा जळगावकर मूळचे आपल्या शेजारच्या जालन्याचे. गायकाच्या श्वासाबरोबर त्यांची पेटी फुलायची आणि मिटायची ती भात्याच्या जोरावर. पियानोत भाता नाही. तिथे प्रत्येक बोटाला स्वतःचा जोर स्वतःच ठरवावा लागतो, आणि तोही स्वर वाजण्याआधी. पट्टी ज्या वेगाने खाली जाईल त्या वेगाने मागची हातोडी तारेवर आदळते, आणि एकदा आदळली की त्या स्वराचं पुढे काही करता येत नाही. धरून ठेवता येतो, फुलवता येत नाही. पेटीवर तयार झालेलं बोट पियानोवर आलं की सगळे स्वर एकाच जोरात वाजवतं, ते यामुळे. हा वाजवणाऱ्याचा दोष नाही. त्या बोटाला ते काम आजवर कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून पियानोच्या इतिहासातला मोठा भाग पट्टीमागच्या यंत्राचा इतिहास आहे. 1700 च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने तारेवर आदळून लगेच मागे हटणारी हातोडी बनवली. हातोडी मागे हटली नाही तर ती तारेला चिकटून राहील आणि स्वर मरेल. ही अडचण त्याने सोडवली. 1821 मध्ये पॅरिसच्या एरारने अशी रचना शोधली की पट्टी पूर्ण वर न येताही तोच स्वर पुन्हा वाजवता यावा. आजचा ग्रँड पियानो थोड्याफार फरकाने त्याच रचनेवर चालतो. 88 पट्ट्या, सव्वादोनशेच्या आसपास तारा, त्यांचा मिळून कित्येक टनांचा ताण आणि तो पेलणारी बिडाची चौकट. पट्टी साधारण 10 मिलिमीटर खाली जाते. तिचा प्रतिकार खर्जाकडे थोडा जास्त आणि तारसप्तकाकडे कमी असतो, कारण खर्जाच्या हातोड्या मोठ्या असतात. हे सगळं लाकूड आणि नमदा यांचं काम. बीडचा मे महिना आणि त्यामागून येणारी पावसाळी हवा लाकडाला फार काळ सुखाने राहू देत नाही. वर्षातून दोनदा सूर लावायला माणूस लागतो आणि तो मुंबई-पुण्याहून बोलवावा लागेल. अकॉस्टिक पियानोबद्दल आपल्याकडे यापुढे बोलण्यासारखं फारसं उरत नाही, म्हणून पुस्तकातही तो याहून जास्त येत नाही.

डिजिटल पियानोत तारा नाहीत. पट्टीमागे वजन आहे, ते हातोडीसारखं उचललं जातं आणि पट्टीखाली सेन्सर आहेत. दोन सेन्सर पट्टीच्या प्रवासात एकामागून एक दाबले जातात. त्या दोन क्षणांमधला वेळ मोजून यंत्र ठरवतं की बोट किती वेगात आलं. वेळ कमी तर आवाज मोठा. काही वाद्यांत तिसरा सेन्सर असतो. एरारने लाकडात जे साधलं तेच तो विजेच्या मार्गाने साधतो: पट्टी अर्धीच वर आली असताना तोच स्वर पुन्हा वाजवता येतो. हे मोजमाप 1 ते 127 अशा आकड्यांत पुढे पाठवण्याची भाषा म्हणजे मिडी. ती 1983 साली आली, आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली. मिडीचा आणखी एक उपयोग पुढे सांगितला आहे. बीडच्या गिऱ्हाइकाला तो सगळ्यात जास्त पैसे वाचवून देणारा आहे.

हे वाद्य एकदम घडलेलं नाही. 1974 मध्ये रोलँडने ईपी-30 काढला. बोटाच्या जोराप्रमाणे आवाज कमीजास्त करणारा तो पहिला इलेक्ट्रॉनिक पियानो मानला जातो. 1983 मध्ये यामाहाचे पहिले क्लॅव्हिनोवा आले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कर्झवाइलने खऱ्या पियानोच्या ध्वनिमुद्रणावर चालणारं वाद्य आणलं. ते त्या काळी सामान्य वादकाच्या आवाक्यातलं नव्हतं. ते आवाक्यात यायला मेमरी चिप स्वस्त व्हावी लागली. 2003 मध्ये कॅसिओने प्रिव्हिया मालिका सुरू केली, आणि वजनदार पट्ट्यांचा पियानो एका माणसाला काखेत मारून नेता येऊ लागला.

बनवणाऱ्यांची दोन घराणी आहेत असं मी मानतो, आणि गंमत अशी की दोन्ही जपानी आहेत. पहिलं घराणं पियानो बनवणाऱ्यांचं. तोराकुसु यामाहा यांनी 1887 मध्ये हामामात्सुच्या एका शाळेतला बिघडलेला रीड ऑर्गन दुरुस्त केला आणि तिथून यामाहा कंपनी उभी राहिली. रीड ऑर्गन म्हणजे आपल्या पायपेटीचा सख्खा भाऊ. आपल्याकडे ती संगीत नाटकाच्या रंगमंचावर गेली. तिकडे त्याच वाद्याच्या दुरुस्तीतून पियानोचा कारखाना निघाला. कावाई ही याच घराण्यातली. तिचे संस्थापक कोइची कावाई आधी यामाहांच्या हाताखाली होते. 1927 मध्ये त्यांनी त्याच गावात स्वतःचं दुकान मांडलं. या दोघांकडे स्वतःचे ग्रँड पियानो आहेत, म्हणून आवाजाचं मूळ मुद्रण घरचं आणि पट्टीचा हिशोबही घरच्या लाकडावरून केलेला.

दुसरं घराणं विजेच्या माणसांचं. रोलँड 1972 मध्ये ओसाकात सुरू झाली, ती सिंथेसायझर आणि ढोलाच्या यंत्रांसाठी. कॅसिओ तर कॅल्क्युलेटरवाली; 1980 मध्ये कॅसिओटोन आला आणि आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांना एक नवं नाव मिळालं. यांच्याकडे नक्कल करायला घरचा ग्रँड नव्हता, म्हणून त्यांनी पट्टी आणि आवाज दोन्हींचा विचार मुळापासून केला. रोलँडने 2009 मध्ये व्ही-पियानो आणला. त्यात मुद्रण नाहीच; तार, हातोडी, लाकडी पडदा यांचं गणित मांडून आवाज त्या क्षणी तयार होतो. युरोपचा वाटा पट्टीत आहे: इटलीच्या फातार कंपनीच्या पट्ट्या नोर्डसह अनेकांच्या वाद्यांत बसतात. आणि 2009 मध्येच यामाहाने अवांतग्रँडमध्ये खऱ्या ग्रँडची लाकडी यंत्रणा बसवून तारा तेवढ्या काढून टाकल्या. ही वाद्यं कित्येक लाखांची आहेत. त्यांना पुस्तकात जागा आहे ती मोजपट्टी म्हणून. ती बीडमध्ये कुणी विकत घेईल म्हणून नव्हे.

आवाजाची तुलना करताना लोक फसतात ते ‘किती आवाज आहेत’ या आकड्याला. पियानो शिकणाऱ्याला एकच आवाज लागतो, पण तो वर्षानुवर्षं लागतो. मुद्रणावर चालणाऱ्या वाद्यात प्रत्येक स्वर वेगवेगळ्या जोरांत वाजवून नोंदलेला असतो. असे थर जितके जास्त आणि त्यांचे सांधे जितके न कळणारे, तितकं बोट मोकळं. दुसरा आकडा पॉलिफनीचा, म्हणजे एका वेळी किती स्वर जिवंत राहू शकतात त्याचा. आपल्याला वाटतं, बोटं दहा, मग 64 कशाला? पण पॅडल दाबून ठेवलं की सुटलेले स्वरही घुमत राहतात आणि एका स्टिरिओ स्वराला दोन-दोन जागा लागतात. पहिली दोन-तीन वर्षं 64 पुरतात. त्यानंतर मोठ्या रचनांत आधीचे स्वर मध्येच गळताना ऐकू येतात. तिसरी गोष्ट स्पीकरची. स्वस्त वाद्याचा आवाज पातळ वाटतो तेव्हा पुष्कळदा मुद्रण चांगलं असतं, स्पीकर लहान असतात. हेडफोन लावून ऐकलं की हे लगेच कळतं.

इथेच माझा मुख्य मुद्दा येतो, आणि तो एका जोडीवरून मांडतो. रोलँडच्या एफपी-10 आणि एफपी-30एक्स या दोन पियानोंत पट्टीची यंत्रणा एकच आहे: तीन सेन्सरची, खर्जाकडे जड, खाली जाताना ग्रँडसारखी हलकी खाच जाणवणारी. फरक आहे तो पॉलिफनीत, 96 आणि 256, आणि स्पीकरमध्ये. यामाहाच्या पी-145 आणि पी-225 या जोडीचंही तसंच: पट्टी एक, पॉलिफनी 64 आणि 192. म्हणजे कंपन्या पायरीपायरीने जास्त पैसे घेतात ते बऱ्याचदा आवाजासाठी, पट्टीसाठी नव्हे. आणि आवाज ही नंतर सुधारता येणारी गोष्ट आहे. चांगले स्पीकर जोडता येतात. यूएसबीच्या वायरने वाद्य लॅपटॉपला जोडून मिडीमार्फत पियानोटेकसारखं सॉफ्टवेअर वाजवता येतं. मग पट्टी तुमची आणि आवाज लाखभर रुपयांच्या वाद्याचा. मघाशी म्हटलेला मिडीचा उपयोग तो हाच. पट्टी मात्र बदलता येत नाही. ती जशी घेतली तशी वाद्य विकेपर्यंत राहते, आणि मुलाची बोटं तिच्यासारखी होतात. पैसे कमी असतील तर आवाजात काटकसर करावी. पट्टीत केली तर ती पुढे कुठल्याही वायरने भरून निघत नाही.

पट्टी पारखायला कान नको, बोट हवं. तीन गोष्टी पाहायच्या. एकच स्वर अगदी हळू पुन्हा पुन्हा वाजवावा. मधूनच तो गायब झाला किंवा एकदम मोठा आला तर सेन्सर किंवा त्यांची जुळणी कच्ची. पट्टी टोकाला दाबून मग मागे, काळ्या पट्ट्यांच्या मध्ये दाबावी. ज्या वाद्याची खोली कमी, त्याच्या पट्टीचा टेकू जवळ असतो आणि मागे दाबताना बोटाला भलताच जोर लागतो. सडपातळ वाद्य दिसायला देखणं असतं, त्याची किंमत इथे मोजावी लागते. आणि आवाज पूर्ण बंद करून दोन्ही हातांनी जोरात वाजवावं. खटखट ऐकू आली तर रात्री शेजारच्या खोलीतल्यांना हेडफोनचा काही उपयोग नाही.

किमतीबद्दल ढोबळ आकडे देतो. तपशील पुस्तकात आहेत आणि तेही शिळे होणारच आहेत. हे लिहिताना नामांकित कंपनीचा, 88 वजनदार पट्ट्यांचा पियानो 40 हजारांच्या आगेमागे सुरू होतो. 60 ते 90 हजारांत पॉलिफनी, स्पीकर आणि ब्लूटूथ येतं. त्याच्यावर लाकडी पट्ट्या आणि कपाटासारखी बैठक, तिथे लाखाच्या पुढची भाषा. स्टँड, बसायचं स्टूल आणि बरं पॅडल यांचे काही हजार वेगळे धरावेत. डब्यातून येणारं चौकोनी पॅडल फरशीवर सरकत फिरतं. ब्लूटूथबद्दल एक सावधगिरी: घरातला ब्लूटूथ स्पीकर पियानोला जोडला तर पट्टी दाबल्यानंतर आवाज क्षणभर उशिरा येतो आणि वाजवणं अशक्य होतं. तिथे वायरच लागते.

आता बीडचा प्रश्न. या जिल्ह्यात दहा पियानो मांडून ठेवलेलं दुकान नाही. अंबाजोगाईहून पुणे गाठायला सहा-सात तास लागतात, म्हणून बहुतेक खरेदी न हात लावता, चित्र पाहून होते. परळीला औष्णिक वीज केंद्र असलं तरी गावाकडे वीज जाते-येते. डिजिटल पियानोला वीज अगदी कमी लागते, घरच्या इन्व्हर्टरवर तो आरामात चालतो. कॅसिओच्या काही सडपातळ मॉडेलांत सहा एए सेल घालूनही वाजवता येतं. बालाघाटाच्या माथ्यावरची धूळ हा त्याहून मोठा शत्रू. पट्टीखालचे सेन्सर रबरी कपांचे असतात. त्यांत धूळ बसली की एखादा स्वर कायम किंचाळतो किंवा मुका होतो. 88 पट्ट्या उतरवून ते साफ करणारा माणूस जवळ नसतो. कंपनी निवडताना तिचं सेवा केंद्र किती लांब आहे, हे मी आवाजाच्या बरोबरीने मोजतो.

हे सगळं आत्ताच का, असं कुणी विचारेल. करोनानंतर दूरच्या गुरूकडे पडद्यावर शिकणं तालुक्याच्या गावातही रुळलं. ट्रिनिटी आणि एबीआरएसएमसारखी परदेशी मंडळं व्हिडिओवर परीक्षा घेऊ लागली, आणि त्यांच्या पियानो परीक्षेला वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो चालतो. 61 हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर ती परीक्षा देता येत नाही. ट्रिनिटीने कीबोर्डचा अभ्यासक्रमच वेगळा ठेवला आहे. पूर्वी पियानो शिकायचा तर मुंबईत जन्म घ्यावा लागे, किंवा धोबी तलावाला 1865 पासून असलेल्या फुर्टाडोजसारख्या दुकानापर्यंत आणि पारशी वा गोवेकर शिक्षकापर्यंत पोचावं लागे. आता केजचं मूल आणि कोथरूडचं मूल यांत फरक उरला आहे तो मुख्यतः वाद्य निवडताना मिळणाऱ्या सल्ल्याचा.

तरीही प्रत्येकाने डिजिटल पियानो घ्यावा असं हे पुस्तक म्हणत नाही. भजनी मंडळाने तर तो मुळीच घेऊ नये. तिथे महाराज काळी चारमध्ये गातात, पुढचे काळी पाचमध्ये; सूर धरून ठेवायचा असतो, विझू द्यायचा नसतो. तिथे पेटीच हवी, आणि पेटी नको असेल तर भारतीय आवाज-ताल असलेला 61 पट्ट्यांचा कीबोर्ड पुष्कळ झाला. रागसंगीत शिकणाऱ्यानेही विचार करावा. पट्ट्यांच्या वाद्यातून मींड निघत नाही आणि सगळे स्वर समान अंतरावर बसवलेले असतात. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दाराबाहेर ठेवलं, त्यामागे हाच आक्षेप होता. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी करून त्याला उत्तर दिलं. काही डिजिटल पियानोंत स्वरांतरं बदलण्याची सोय असते. तिचा उपयोग कुणी करताना मी पाहिलेला नाही, पण ती आहे हे माहीत असावं.

पुस्तकाची बांधणी कंपनीवार केलेली नाही. मॉडेल बदलतात: यामाहाचा पी-45 2015 मध्ये आला आणि 2023 मध्ये त्याच्या जागी पी-145 आला, तोही वेगळी पट्टी घेऊन. नावांवर बांधलेलं पुस्तक दोन-तीन वर्षांत रद्दीत जातं. म्हणून तुलना पट्टीच्या प्रकारांवरून केली आहे, मॉडेलांची नावं उदाहरणापुरती. वाचकाने आपल्यासमोरचं नवं मॉडेल त्या चौकटीत स्वतः बसवून पाहावं. किमतींच्या तक्त्यात एक रकाना कोरा सोडला आहे. त्यात स्वतः विचारलेली किंमत आणि तारीख पेन्सिलीने लिहावी. सिंथेसायझर आणि पायपेटी बाहेर ठेवली आहेत. जुन्या वाद्यांच्या खरेदीला मात्र मुद्दाम मोठी जागा दिली, कारण पुण्यात शिकायला गेलेली मुलं नोकरीला लागताना पियानो विकून टाकतात आणि आपल्याकडचे पुष्कळ पियानो तिथून येणार आहेत. असं वाद्य पाहायला जाताना हेडफोन आणि यूएसबीची वायर सोबत न्यावी, 88 पट्ट्या एकेक करून हळू आणि जोरात दोन्ही वाजवाव्यात, मधल्या दोन सप्तकांतल्या पट्ट्यांची टोकं खाली बसली आहेत का ते डोळा पट्टीच्या रेषेत आणून पाहावं, अडॅप्टर मूळचाच आहे ना ते विचारावं, आणि अकरा-बारा किलोचं ते वाद्य एसटीने आणायचं असेल तर टपावर न देता आत, उभं धरून आणावं.